मोठा फ्युएल पंप घेण्याआधी: पंपापर्यंत पोचणारं व्होल्टेज मोजायचं कसं आणि सुधारायचं कसं

टर्बो गाडीची ताकद वाढवायची ठरली की बहुतेक जण आधी मोठा फ्युएल पंप विकत घेतात. खोक्यावर २५५ किंवा ४५० लिटर प्रतितास असा आकडा छापलेला असतो आणि तेवढं पेट्रोल आपल्या इंजिनाला मिळणारच, असं सगळे धरून चालतात. तो आकडा मात्र पंपाच्या टर्मिनलवर साधारण १३.५ व्होल्ट असताना, ठरावीक प्रेशरला मोजलेला असतो. आपल्या गाडीत बॅटरी पुढे बॉनेटखाली आणि पंप मागे टाकीत. मधे चार-पाच मीटर बारीक वायर, दोन-तीन कपलर, जुना रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि गंजायला लागलेला बॉडी अर्थ (गाडीच्या पत्र्यातून जाणारी करंटची परतीची वाट). एवढं पार करून पंपापाशी पोचेपर्यंत व्होल्ट-दीड व्होल्ट वाटेतच संपणं अगदी नेहमीचं आहे.

म्हणून माझं ठाम मत असं की मल्टिमीटरने पंपाजवळचं व्होल्टेज मोजल्याशिवाय पंपावर पैसे घालू नयेत. अनेक गाड्यांत जुन्याच पंपाला पुरेसं व्होल्टेज दिलं तरी हवं तेवढं पेट्रोल मिळतं. आणि जिथे मोठा पंप खरंच लागतो, तिथे जुन्या वायरिंगवर तो बसवला तर जास्त करंट ओढून तो वाटेतली घट आणखी वाढवतो.

हे मार्गदर्शन पोर्ट इंजेक्शनच्या, म्हणजे सिलिंडरच्या आधी इंटेकमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या, पेट्रोल टर्बो गाड्यांसाठी आहे. त्यातही ज्यांत टाकीतला पंप साध्या ब्रशवाल्या डीसी मोटरचा आहे आणि उरलेलं पेट्रोल रिटर्न लाइनने टाकीत परत जातं, अशा गाड्यांसाठी. नव्वदच्या दशकातल्या जपानी टर्बो गाड्या हे त्याचं उत्तम उदाहरण, आणि फ्युएल पंपाच्या वायरिंगमधल्या युक्त्या बऱ्याचशा त्यांच्यावरच रुळल्या. आजच्या टीएसआय किंवा जीडीआय जातीच्या डायरेक्ट इंजेक्शन (थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या) गाड्यांत हे उपाय करू नका. तिथे टाकीतला पंप वेगळं कंट्रोल मॉड्युल चालवतं, त्याचं प्रेशर सतत बदलतं ठेवलेलं असतं आणि पुढे कॅमशाफ्टवर चालणारा हाय-प्रेशर पंप असतो. काही पंपांत तीन फेजची ब्रशलेस मोटर असते. तिच्या वायरीवर साधा मल्टिमीटर लावून काहीच उपयोगाचं कळत नाही.

व्होल्टेज घटलं की काय घटतं

ब्रशवाल्या डीसी मोटरचा वेग व्होल्टेजवर ठरतो. शेतातल्या एसी मोटरला व्होल्टेज कमी आलं की ती जास्त करंट ओढते, तापते आणि जळते, हे आपल्याकडे गावोगाव माहीत आहे. फ्युएल पंपाचं तसं होत नाही. तो मुकाट्याने हळू फिरतो. गरम होत नाही, आवाज करत नाही, फ्यूज उडवत नाही, त्यामुळे दोष लक्षातच येत नाही.

१३.५ वरून १२ व्होल्टवर आलं तर व्होल्टेज ११ टक्क्यांनी घटतं, पण पेट्रोलचा प्रवाह साधारण १५ ते २० टक्क्यांनी घटतो. पंपाच्या वेगाचा मोठा भाग लाइनमधलं प्रेशर तोलून धरण्यातच खर्च होतो आणि त्यावर जो वेग उरतो तोच पेट्रोल पुढे ढकलतो. प्रेशर जितकं जास्त, तितकी व्होल्टेजची घट अधिक महाग पडते.

टर्बो गाडीत नेमकं हेच घडतं. प्रेशर रेग्युलेटरला इंटेक मॅनिफोल्डवरून एक व्हॅक्यूम नळी जोडलेली असते. इंजेक्टरच्या दोन टोकांमधला प्रेशरचा फरक कायम ३ बार राहावा म्हणून बूस्ट (टर्बोने हवेचं वाढवलेलं प्रेशर) जितका चढेल तितकं रेग्युलेटर रेलचं (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीचं) प्रेशर चढवतो. दीड बार बूस्टला रेलमध्ये ४.५ बार लागतात. म्हणजे इंजिनाला सगळ्यात जास्त पेट्रोल हवं असतं त्याच क्षणी पंपाची देण्याची क्षमता सगळ्यात कमी झालेली असते.

पंप मागे पडला तर हा ३ बारचा फरक टिकत नाही. इंजेक्टरमधून जाणारं पेट्रोल प्रेशर-फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतं. ३ चे २.५ बार झाले तर पेट्रोल जवळजवळ ९ टक्क्यांनी घटतं आणि ११.८ वर (एक भाग पेट्रोलला ११.८ भाग हवा) ट्यून केलेलं मिश्रण १२.९ पर्यंत पातळ होतं. भर बूस्टमध्ये एवढ्या फरकाने नॉकिंग (मिश्रणाचा अवेळी भडका) सुरू होऊ शकतं, आणि ते थांबलं नाही तर पिस्टनच्या रिंगलँड (रिंगांच्या खाचांमधल्या कडा) तुटतात.

ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, यातलं काही दिसत नाही. तो बॅटरीचं व्होल्टेज पाहतो आणि त्यावरून इंजेक्टर उघडायला लागणाऱ्या वेळेची दुरुस्ती करतो. पंपाच्या टर्मिनलवर किती व्होल्ट आहेत हे त्याला कुणी सांगत नाही. फ्युएल प्रेशर सेन्सर बसवलेला नसेल तर ३ बार आहेत असं मानूनच तो हिशेब करत राहतो.

कंपनीने मुद्दाम कमी ठेवलेलं व्होल्टेज

वायरिंगमधली घट ही अनवधानाने आलेली. पण बऱ्याच गाड्यांत उत्पादकानेच पंपाला कमी व्होल्टेज द्यायची सोय केलेली असते. आयडलला इंजिन जेमतेम पेट्रोल पितं; तेव्हा पंप पूर्ण वेगाने फिरला तर आवाज होतो, ब्रश झिजतात आणि सगळं पेट्रोल गरम इंजिनाकडे जाऊन परत टाकीत येत राहतं. त्याने टाकीतलं पेट्रोल तापतं.

टोयोटा सुप्राच्या १९९३ च्या पिढीतल्या टर्बो मॉडेलला पंपासाठी वेगळा ईसीयू होता. तो कमी लोडला सुमारे ९ व्होल्ट देतो आणि लोड वाढला की पूर्ण व्होल्टेज सोडतो. माझदा आरएक्स-७ च्या शेवटच्या पिढीत आणि मित्सुबिशी लान्सर इव्होमध्ये रेझिस्टर आणि रिले अशी जोडी आहे. हलक्या लोडला करंट रेझिस्टरमधून जातो, जोर लागला की रिले रेझिस्टरला वळसा घालून थेट करंट देतो. सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्समधला कंट्रोलर पंपाला तीन टप्प्यांत चालवतो: ३३, ६६ आणि १०० टक्के.

निसानचा प्रकार वेगळा आहे आणि नवख्यांना हमखास चकवतो. ३००झेडएक्स आणि स्कायलाइन जीटी-आरमधलं पंप कंट्रोल मॉड्युल अर्थच्या बाजूने काम करतं. पंपाच्या पॉझिटिव्ह वायरवर नीट १४ व्होल्ट दिसतात, पण निगेटिव्ह वायर शून्यावर नसते, ती काही व्होल्ट वर उचललेली असते. कुणी फक्त पॉझिटिव्ह आणि बॉडी यांच्यात मीटर लावला तर सगळं ठीक आहे असा निष्कर्ष निघतो. पंपाला मिळणारं व्होल्टेज नेहमी पंपाच्याच दोन टर्मिनलांमध्ये मोजायचं, ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

आपल्या गाडीच्या वायरिंग डायग्रॅममध्ये बॅटरी ते पंप ही लाइन बोटाने शोधत जा. मधे काय काय लागतं ते कागदावर लिहा. रेझिस्टर आहे का, मॉड्युल आहे का, आणि ते पॉझिटिव्ह बाजूला आहे की अर्थच्या. हे कळल्याशिवाय पुढच्या पायरीला हात घालू नका.

पायरी १: गरज किती, हे आधी मांडा

टर्बो पेट्रोल इंजिन पूर्ण जोरात एका हॉर्सपॉवरमागे तासाला अंदाजे ०.२७ किलो पेट्रोल जाळतं. हा आकडा क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या शाफ्टवरच्या, हॉर्सपॉवरचा आहे, चाकांवर मोजलेल्या नाही. ४०० हॉर्सपॉवरला तासाला १०८ किलो. पेट्रोलची घनता लिटरला ०.७४५ किलो धरली तर १४५ लिटर.

भारतात आता यात इथेनॉल मिळवावं लागतं. पंपावर मिळणारं पेट्रोल ई२० झालंय, म्हणजे त्यात २० टक्के इथेनॉल. शुद्ध पेट्रोलला योग्य मिश्रणासाठी १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९, आणि ई२० ला साधारण १३.५. तेवढ्याच हवेसाठी ई२० आकारमानाने ७ ते ८ टक्के जास्त लागतं. १४५ चे १५६ लिटर झाले. वर पाव हिस्सा राखीव ठेवा, कारण फिल्टर तुंबतो, पंप जुना होतो, उन्हाळ्यात पेट्रोल तापतं. एकूण १९५ लिटर.

आता पंपाच्या उत्पादकाचा ग्राफ काढा. त्यात ४.५ बारच्या रेषेवर १३.५ व्होल्टचा आणि १२ व्होल्टचा आकडा पाहा. २५५ लिटरच्या वर्गातले पंप १३.५ व्होल्टला इथे जेमतेम पुरतात आणि १२ व्होल्टला कमी पडतात. असा ग्राफ नसलेला स्वस्त पंप मी तरी घेणार नाही. खोक्यावरच्या एका आकड्याने काहीच सिद्ध होत नाही.

पायरी २: मोजमाप

पंपाचं कपलर बहुतेक गाड्यांत मागच्या सीटखाली किंवा डिकीत, टाकीच्या झाकणावर सापडतं. काम मोकळ्या हवेत करा, गॅरेजचं शटर लावून नाही. टाकी पाव भरलेली असेल तर बरं. एबीसी पावडरचं अग्निशामक हाताशी ठेवा. कपलर नुसतं मागून टोचून मोजणार असाल तर लाइन उघडावी लागत नाही. पण टाकीचं झाकण किंवा कुठलाही पाइप सोडवायचा असेल तर आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, टाकीचं टोपण उघडा आणि मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. लाइनमध्ये इंजिन बंद झाल्यावरही प्रेशर अडकून असतं.

मोजणीला साधा डिजिटल मल्टिमीटर चालतो, पण किमान आकडा धरून ठेवणारं मिन-मॅक्सचं बटण असेल तर फार सोय होते. करंट मोजायला क्लॅम्पमीटर घेताना तो डीसी करंट मोजतो याची खात्री करा. दुकानात स्वस्तात मिळणारे बरेचसे क्लॅम्पमीटर फक्त एसी मोजतात आणि गाडीच्या वायरवर शून्य दाखवतात.

तीन आकडे घ्यायचे. इंजिन चालू असताना बॅटरीच्या दोन टोकांत किती आहे ते पाहा; निरोगी अल्टरनेटरवर ते १३.५ ते १४.४ च्या दरम्यान असावं. मग पंपाच्या दोन टर्मिनलांत. या दोहोंतला फरक म्हणजे वाटेतली एकूण घट. तिसरा आकडा ती घट कुठे आहे ते सांगतो. मीटरची एक लांब लीड बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरी पंपाच्या पॉझिटिव्हवर लावा. मीटर थेट त्या बाजूची घट दाखवेल. तसंच निगेटिव्ह ते निगेटिव्ह. समजा बॅटरीवर १४.१ आणि पंपावर १२.३ आहे. १.८ व्होल्ट हरवले. पॉझिटिव्ह बाजूला १.१ आणि अर्थच्या बाजूला ०.७ निघाले तर नुसती पॉझिटिव्ह वायर जाड करून निम्मंच काम होईल. अर्थची बाजू बहुतेक लोक तपासतच नाहीत, आणि जुन्या, किनारपट्टीवरच्या गाड्यांत खरी खोट तिथेच जास्त सापडते.

आयडलवर घेतलेला आकडा फसवा. तेव्हा प्रेशर कमी, करंट कमी, आणि कंट्रोलर पंपाला अर्ध्या जोरावर चालवत असतो. आकडा पूर्ण लोडचाच हवा, तोही हेडलाइट, एसी आणि रेडिएटरचा पंखा चालू ठेवून. त्यासाठी डायनो (गाडी रोलरवर जागेवरच चालवून ताकद मोजायचं यंत्र) ही योग्य जागा. डायनो नसेल तर ट्रॅकवर, मिन-मॅक्स लावून किंवा आफ्टरमार्केट ईसीयूच्या रिकाम्या ॲनलॉग इनपुटला लॉग करून. तो इनपुट बहुतेक वेळा ५ व्होल्टपर्यंतच झेपतो, म्हणून मधे व्होल्टेज कमी करणारा दोन रेझिस्टरांचा डिव्हायडर लावावा लागतो. सार्वजनिक रस्त्यावर, गाडी चालवता चालवता मीटरकडे बघत ही चाचणी करू नका.

एकूण घट अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर वायरिंगला हात लावायची गरज नाही. एक व्होल्टच्या पुढे असेल तर पुढची पायरी घ्या.

पायरी ३: किती जाड वायर

हा सगळा हिशेब करंट गुणिले रोध एवढाच आहे. २५५ च्या वर्गातला पंप प्रेशरनुसार ८ ते १२ अँपिअर घेतो, ४५० चा १५ ते २०. तांब्याच्या लवचीक वायरचा रोध दर मीटरला १ स्क्वेअर एमएमला सुमारे १९.५ मिलिओहम, २.५ ला ८, ४ ला ५ आणि ६ ला ३.३. पाच मीटर लांबी आणि १५ अँपिअर धरले तर १ स्क्वेअर एमएमच्या वायरमध्ये जवळपास दीड व्होल्ट जातो. २.५ मध्ये ०.६, ४ मध्ये ०.३७, ६ मध्ये ०.२५. शिवाय गरम तांब्याचा रोध वाढतो: २० अंशांवरून ६० अंशांवर गेलं की सुमारे १६ टक्के. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात बॉनेटखालून आणि फ्लोअरखालून जाणारी वायर ६० अंश सहज गाठते.

माझा सल्ला: २५५ साठी ४ स्क्वेअर एमएम, ४५० साठी ६. यापेक्षा जाड वायर घेऊन पुढे फारसा फायदा होत नाही, उलट ती पॅनेलमागून वळवणं अवघड जातं.

लोहार चाळीत किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत वायर घेताना दोन गोष्टी विचारा. घरगुती वायरिंगची वायर गाडीत नको. तिचं इन्सुलेशन तेल, पेट्रोल आणि इंजिनाच्या उष्णतेसाठी बनवलेलं नसतं. ऑटोमोटिव्ह दर्जाची, १०५ अंश लिहिलेली वायर मागा. दुसरं, कार अँप्लिफायरच्या स्वस्त किटमधली वायर दिसायला जाडजूड असते, पण आत तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. त्याचा रोध जास्त. एक तार चाकूने खरवडली तर आतून पांढरी दिसते.

पायरी ४: रिलेची जोडणी

नवीन जाड वायर बॅटरीपासून थेट पंपाकडे न्यायची आणि मधे रिले बसवायचा. पंप कधी चालू आणि कधी बंद, हा निर्णय मात्र ईसीयूचाच राहिला पाहिजे. इग्निशन ऑन केल्यावर ईसीयू पंप दोन-तीन सेकंद चालवतो आणि इंजिन फिरत नसेल तर बंद करतो. अपघातात इंजिन बंद पडलं आणि पाइप फुटला तर हीच सोय गाडीला आगीपासून वाचवते. पंप डॅशबोर्डवरच्या साध्या स्विचवर किंवा इग्निशनच्या लाइनवर कायम चालू ठेवणारी जोडणी कुणी कितीही सोपी म्हणून सुचवली तरी करू नका.

चार पायांचा ४० अँपिअरचा सीलबंद रिले घ्या. त्यावर ३०, ८५, ८६, ८७ हे आकडे छापलेले असतात. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून निघालेली जाड वायर आधी फ्यूजमध्ये आणि मग ३० वर. ८७ वरून पंपाच्या पॉझिटिव्हकडे. पंपाकडे येणारी कंपनीची जुनी पॉझिटिव्ह वायर आता पंपाला न देता ८६ वर द्या, आणि ८५ बॉडी अर्थला. कॉइलला जेमतेम ०.२ अँपिअर लागतात, जुनी बारीक वायर त्याला भरपूर झाली. आत डायोड असलेला रिले मिळाला तर उत्तम, रिले सुटताना येणारा झटका ईसीयूपर्यंत जात नाही. त्यात ८६ पॉझिटिव्ह आणि ८५ निगेटिव्ह ही दिशा पाळावीच लागते.

फ्यूज बॅटरीपासून जितका जवळ तितका चांगला. वीतभर अंतराच्या पुढे नको. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या वायरला कुठलंच संरक्षण नसतं. १५ अँपिअरच्या पंपाला २० चा फ्यूज आणि २० च्या पंपाला ३० चा. वायरची क्षमता नेहमी फ्यूजपेक्षा जास्त असावी.

रिले डिकीत, कोरड्या जागी बसवा. टाकीच्या झाकणाच्या पोकळीत नको, तिथे पेट्रोलची वाफ साचते आणि रिलेच्या कॉन्टॅक्टवर ठिणगी पडते. अर्थसाठी स्वतंत्र जागा निवडा. रंग खरवडून चकचकीत पत्रा दिसू द्या, थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) दातेरी वॉशरसकट घट्ट आवळा आणि मग वरून रंग किंवा ग्रीस लावा. सीटबेल्टच्या बोल्टवर अर्थ घेऊ नका. बॉडीवर भरवसा नसेल तर निगेटिव्ह वायरही तेवढीच जाड घेऊन थेट बॅटरीपर्यंत न्या.

थिंबल चांगल्या क्रिम्पिंग प्लायरनेच दाबा आणि वर हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. वायरी पिळून टेप गुंडाळलेला जोड इथे चालणार नाही. वायर दरवाजाच्या सिलच्या आतून, सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूने न्या आणि फायरवॉलमधून जाताना रबरी ग्रोमेट घाला.

सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे टाकीच्या झाकणातून आत जाणारे पिन. ते कंपनीच्या पाच-सात अँपिअरच्या पंपासाठी केलेले असतात. त्यांतून १८ अँपिअर काढले की कपलरचं प्लास्टिक वितळायला लागतं. ४५० चा पंप बसवताना जास्त करंटचा बल्कहेड कनेक्टर (झाकणातून आरपार जाणारा) घ्या. टाकीच्या आत पंपाला जोडणारा रबरी पाइपही पेट्रोलमध्ये बुडवून ठेवायच्या दर्जाचा, म्हणजे एसएई ३०आर१० लिहिलेलाच लागतो. साधा फ्युएल पाइप बाहेरून पेट्रोल लागलं की फुगतो आणि सुटतो.

दोन अपवाद लक्षात ठेवा. तुमचा कंट्रोलर सुबारूसारखा ड्यूटी सायकलवर, म्हणजे करंट भराभर चालू-बंद करून, चालत असेल तर त्याची वायर साध्या रिलेच्या कॉइलला जोडू नका. रिले थडथडत राहील. अशा गाडीला त्या सिग्नलवर चालणारा सॉलिड स्टेट रिले किंवा ईसीयूचा वेगळा आउटपुट हवा. आणि सुप्रासारखा ९ व्होल्टचा टप्पा असेल तर रिले बहुधा त्या ९ व्होल्टलाच ओढला जातो. मग पंप आयडललाही पूर्ण वेगाने फिरतो.

पायरी ५: प्रेशर तपासा, मगच ट्यूनिंग

पंप आयडललाही पूर्ण वेगाने फिरायला लागला की रेग्युलेटरला जास्तीचं पेट्रोल रिटर्नमधून सोडता येतं का, हा प्रश्न येतो. व्हॅक्यूम नळी काढून तिचं तोंड बंद करा आणि आयडलला रेलचं प्रेशर पाहा. ३ बार असायला हवं. ३.६ दिसलं आणि रेग्युलेटरचा स्क्रू सोडूनही खाली येत नसेल तर रेग्युलेटर किंवा रिटर्न पाइप लहान पडतोय. अशा वेळी मोठा रेग्युलेटर लावा, किंवा कंपनीची दोन टप्प्यांची सोय परत जोडा. रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीला मी दुसरा मार्ग सुचवेन. पेट्रोल थंड राहतं आणि पंप जास्त टिकतो.

प्रेशरसाठी ० ते १० बारचा, ०.५ ते ४.५ व्होल्ट आउटपुट देणारा सेन्सर रेलवर बसवा. ३ बारला तो १.७ व्होल्ट देतो आणि ४.५ बारला २.३. पेट्रोलची नळी केबिनमध्ये आणून लावायचा मेकॅनिकल गेज कधीही वापरू नका.

आता लॉगमध्ये रेलचं प्रेशर आणि मॅनिफोल्डचं प्रेशर एकाखाली एक ठेवा. दोहोंतला फरक पूर्ण आरपीएमभर ३ बारच राहिला पाहिजे. १.२ बार बूस्टला ४.२ बार, दीडला ४.५. वरच्या आरपीएमला हा फरक ०.२ बारहून जास्त खचला तर पाय उचला आणि कारण शोधा. मॅपमध्ये पेट्रोल वाढवून पातळ मिश्रणाचा दोष झाकू नका.

ही चूक फार गाड्यांत झालेली असते. प्रेशर खचत असलेल्या गाडीचा मॅप (ईसीयूमधला पेट्रोलचा तक्ता) कुणीतरी वरच्या आरपीएमला इंजेक्टरची वेळ वाढवून जमवलेला असतो. तुम्ही व्होल्टेज दुरुस्त केलंत की तेच आकडे आता जास्त पेट्रोल ओततात आणि मिश्रण गच्च होतं. म्हणून वायरिंगचं काम झाल्यावर फ्युएल मॅप पुन्हा तपासून घेणं आवश्यक आहे. त्याच बैठकीत इंजेक्टरच्या डेड टाइमचा (उघडायला लागणाऱ्या वेळेचा) तक्ता पाहा. व्होल्टेज घटलं की इंजेक्टर उशिरा उघडतो, आणि ही दुरुस्ती त्या इंजेक्टरच्या उत्पादकाच्या आकड्यांवरून भरलेली असावी, दुसऱ्या गाडीतून उचललेली नको.

१४ व्होल्टच्या पुढे

पंपाचं व्होल्टेज बॅटरीपेक्षा वर नेणारे बूस्टरही मिळतात. अमेरिकेत फोर्ड मस्टँगच्या सुपरचार्जर किटसोबत ते फार वापरले गेले. ‘केनी बेल’ कंपनीचा ‘बूस्ट-अ-पंप’ हा त्यातला सगळ्यात ओळखीचा. असे बूस्टर पंपाला १७ व्होल्टच्या आसपास देतात. बूस्ट चढल्यावर प्रेशर स्विचने तेवढ्यापुरता चालू होणारा बूस्टर हा एक मान्य उपाय आहे. पण पंप १७ व्होल्टला १५ अँपिअर घेत असेल तर ते २५५ वॅट झाले. बूस्टरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर बॅटरीकडून सुमारे २२ अँपिअर लागतात. म्हणजे बूस्टरकडे येणारी वायर आधीच्याहून जाड हवी. खराब वायरिंगवर बूस्टर लावणं म्हणजे त्या वायरिंगवर आणखी करंट लादणं. ब्रश आणि कॉम्युटेटर लवकर झिजतात ते वेगळंच. नवख्या माणसाने आधी रिले आणि वायर, मग गरज उरलीच तर मोठा पंप किंवा दोन पंप, आणि बूस्टर सगळ्यात शेवटी, असा क्रम ठेवावा.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलांपासून गाडी वेगळी होईल असे बदल करता येत नाहीत, आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी अडचण करतो. अशा गाड्या चालवायची जागा म्हणजे कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळचा ट्रॅक, ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट.

काम पूर्ण झाल्यावर पायरी २ मधले तिन्ही आकडे पुन्हा घ्या आणि तारखेसह डिकीच्या झाकणाच्या आत चिकटवा. आठवड्याभराने टाकीवरच्या कपलरला आणि फ्यूज होल्डरला हात लावून पाहा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर तो जोड उघडून पुन्हा करा. पावसाळा संपला की अर्थचा बोल्ट काढून पत्रा साफ करा आणि निगेटिव्ह बाजूची घट परत मोजा. ०.१ व्होल्टची ०.३ झाली असेल तर पुढच्या ट्रॅक डेच्या आधी ते काम उरकून घ्या.